युरोपातला भेदभावविरोधी कायदा: पहिल्या दोन महिन्यांत काय करायचं?

जर्मनीत नोकरीचा अर्ज नाकारल्याचा मेल हातात पडला की त्या दिवसापासून दोन महिन्यांची मुदत धावू लागते. भेदभाव झाला असं वाटत असेल तर या मुदतीत कंपनीकडे लेखी मागणी पोचायला हवी. नाही पोचली तर पुरावा कितीही भक्कम असो, दावा बुडाला. २०१० साली लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयासमोर असंच एक जर्मन प्रकरण आलं होतं. कॉल सेंटरच्या जाहिरातीत १८ ते ३५ वयाचे उमेदवार हवेत असं छापलेलं, अर्जदार बाई ४१ वर्षांच्या, आणि नकार आला. यापेक्षा उघड वयभेद सापडणं कठीण. तरी खटला अडकला तो मुदतीवर, कारण मागणी काही दिवस उशिरा केली गेली होती. न्यायालयाने मुदत बेकायदा ठरवली नाही. भेदभाव कळल्यापासून ती मोजली जावी, ही मुख्य अट तेवढी घातली.

या कायद्याबद्दल बोलताना लोक तत्त्वांवर बोलतात. प्रत्यक्षात दावा टिकतो की पडतो हे पहिल्या काही आठवड्यांत ठरतं: भेदभावाचा आधार कोणता सांगितला, कोणते कागद जपले, कोणत्या तारखेला काय पाठवलं. वकील गाठेपर्यंत यातलं बरंचसं होऊन गेलेलं असतं.

ब्रसेल्सचा कायदा आणि तुमचा कायदा

युरोपीय संघ डायरेक्टिव्ह काढतो आणि प्रत्येक सदस्य देश त्यानुसार आपापला कायदा करतो. खासगी मालकाविरुद्ध तुम्ही दावा लावता तो या देशी कायद्याखाली. डायरेक्टिव्ह म्हणजे किमान पातळी. देशाला त्याहून जास्त संरक्षण देता येतं, कमी नाही. म्हणून 'युरोपात असा नियम आहे' हे वाक्य नेहमी अर्धवट असतं. मुदत, भरपाईची कमाल रक्कम, तक्रार कुठे करायची, हे सगळं देशागणिक बदलतं.

स्त्री-पुरुष समान वेतन सगळ्यात जुनं. ते १९५७ च्या रोम करारातच होतं. पण एका बेल्जियन हवाई सुंदरीच्या खटल्यात १९७६ साली न्यायालयाने हे कलम थेट मालकावर बंधनकारक आहे असं सांगेपर्यंत ते बहुतांशी कागदावरच राहिलं. बाकीच्या आधारांवरचे कायदे २००० साली आले. जूनच्या डायरेक्टिव्हने वंश आणि वांशिक मूळ यांवरून होणारा भेदभाव बंद केला: नोकरीत, शिक्षणात, सामाजिक सुरक्षेत, दुकानात, भाड्याच्या घरात, सगळीकडे. नोव्हेंबरच्या डायरेक्टिव्हने धर्म किंवा श्रद्धा, अपंगत्व, वय आणि लैंगिक कल हे चार आधार घेतले, पण फक्त नोकरी आणि व्यवसायापुरते.

हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा. त्वचेच्या रंगावरून घर नाकारलं तर युरोपीय किमान पातळीच मोडली जाते. धर्मावरून नाकारलं तर मोडत नाही. तिथे देशी कायदा काय म्हणतो ते बघावं लागतं. आयर्लंडचा कायदा धर्मालाही घरापर्यंत संरक्षण देतो. जर्मनीचाही देतो, पण छोट्या घरमालकांना त्यात बरीच सूट आहे: साधारणपणे ५० पेक्षा जास्त घरं भाड्याने न देणाऱ्यावर ते बंधन बहुधा येत नाही. ही उतरंड संपवण्यासाठी २००८ साली नवा प्रस्ताव मांडला गेला. त्याला सर्व सदस्य देशांची एकमुखी संमती लागते, आणि ती कधी जमलीच नाही.

पासपोर्टची फट

भारतातून गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त चटका बसतो तो इथे. २००० च्या वंशविषयक डायरेक्टिव्हमध्येच लिहिलं आहे की राष्ट्रीयत्वावरून केलेला फरक त्यात येत नाही. म्हणजे 'सावळ्या माणसांना घर देत नाही' हे बेकायदा. 'युरोपीय संघाबाहेरचे पासपोर्टधारक नकोत' याला मात्र हा कायदा थेट हात घालत नाही.

न्यायालयानेही ही रेघ बऱ्यापैकी कडक ओढली आहे. २०१७ च्या डेन्मार्कमधल्या प्रकरणात बोस्नियात जन्मलेल्या डॅनिश नागरिकाने गाडीसाठी कर्ज मागितलं. युरोपीय संघ आणि काही ठरावीक देशांबाहेरचा जन्म म्हणून वित्तसंस्थेने जादा ओळखपत्र मागितलं. नुसता जन्मदेश म्हणजे वांशिक मूळ नव्हे, असं सांगून न्यायालयाने यात भेदभाव मानला नाही. आमच्या मते हा निकाल व्यवहारापासून बराच दूर आहे, पण तो आहे, आणि समोरचा वकील तो दाखवणारच.

यातून वाटा तीन.

पहिली: तक्रारीत नुसतं 'मी भारतीय म्हणून' असं लिहू नये. त्वचेचा रंग, नाव, उच्चार, भाषा, दिसणं यांपैकी ज्या खुणा प्रत्यक्ष बोलण्यात किंवा वागण्यात आल्या त्या सगळ्या नोंदवून 'वांशिक मूळ' हा आधार स्पष्ट शब्दांत मांडावा.

दुसरी: देशी कायदा अधिक उदार आहे का ते बघावं. आयर्लंडच्या कायद्यात 'वंश' या आधारातच राष्ट्रीयत्व धरलं आहे. नेदरलँड्सच्या समान वागणूक कायद्यातही राष्ट्रीयत्व हा स्वतंत्र आधार आहे. जर्मन कायद्यात नाही. एकच घटना डब्लिनमध्ये सरळ दावा ठरते आणि म्युनिकमध्ये वळसा घ्यायला लावते.

तिसरी: राहण्याच्या परवान्यातून मिळणारे हक्क. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित कामगारांचा परवाना), एकत्रित काम-निवास परवाना आणि पाच वर्षांनंतर मिळणारा दीर्घकालीन निवासाचा दर्जा या तिन्हींच्या डायरेक्टिव्हमध्ये समान वागणुकीची स्वतंत्र कलमं आहेत. २०१२ साली इटलीत राहणाऱ्या एका अल्बेनियन नागरिकाच्या घरभाडे-मदतीच्या खटल्यात नेमकं हेच झालं. वंशविषयक डायरेक्टिव्ह त्याच्या कामी आलं नाही. दीर्घकालीन निवासाचं आलं.

गोव्यातल्या अनेक कुटुंबांचं गणित मात्र वेगळं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांपैकी ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे ते युरोपीय संघाचे नागरिक ठरतात. त्यांच्याबाबतीत दुसऱ्या सदस्य देशातल्या मालकाने नागरिकत्वावरून नोकरीत, पगारात किंवा कामाच्या अटींत फरक करणं संघाच्या मूळ करारानेच निषिद्ध आहे. मडगावहून गेलेल्या दोन चुलत भावांना एकाच कारखान्यात, एकाच तक्रारीसाठी, वेगवेगळी कलमं लागू शकतात.

जातीचं काय, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येतोच. संघाच्या एकाही डायरेक्टिव्हमध्ये जात हा शब्द नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली रोजगार अपील न्यायाधिकरणाने जातीवरून झालेला भेदभाव 'वांशिक मूळ' या आधारात बसू शकतो असं म्हटलं, पण ते ब्रिटिश कायद्यावरचं मत. ऑफिसात भारतीय वरिष्ठाने भारतीय सहकाऱ्याला जातीवरून त्रास दिला, तर आज युरोपीय संघातल्या देशात वाट अशी: वंशपरंपरा आणि वांशिक मूळ हा आधार मांडायचा आणि बोललेले शब्द त्यांच्या अर्थासकट नोंदवायचे. आडनाव विचारण्यामागे काय दडलंय हे तिथल्या न्यायाधीशाला आपोआप कळणार नाही.

हेतू विचारला जात नाही

थेट भेदभाव म्हणजे तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या माणसापेक्षा तुम्हाला, संरक्षित कारणावरून, वाईट वागणूक. तो दुसरा माणूस प्रत्यक्ष असला तर उत्तम, नसला तर 'असता तर काय झालं असतं' अशी तुलनाही चालते. मालकाच्या मनात द्वेष होता का, हे सिद्ध करावं लागत नाही. 'आमच्या ग्राहकांना चालत नाही' हा बचाव तर सर्वांत जुना आणि सर्वांत निकामी. बेल्जियममध्ये गॅरेजचे दरवाजे बसवणाऱ्या फेरिन या कंपनीच्या संचालकाने जाहीरपणे म्हटलं की ग्राहक स्थलांतरितांना घरात घ्यायला कचरतात, म्हणून आम्ही त्यांना कामावर घेत नाही. कोणीही अर्ज केला नव्हता, कोणाला नाकारलं नव्हतं. तरी २००८ साली न्यायालयाने ते वक्तव्यच थेट भेदभाव ठरवलं.

अप्रत्यक्ष भेदभावात नियम सगळ्यांना सारखा असतो, पण फटका एका गटाला बसतो. नेहमीचं उदाहरण जाहिरातीतली भाषा. 'मातृभाषा जर्मन' अशी अट जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने २०१७ साली वांशिक मुळावरून होणारा अप्रत्यक्ष भेदभाव मानली, कारण मातृभाषा शिकून मिळवता येत नाही. 'अतिशय चांगलं जर्मन' ही अट मात्र कामाला खरोखर लागत असेल तर चालते. मालकाला इथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: उद्देश योग्य आहे, साधन त्या उद्देशाला उपयोगी आहे, आणि त्याहून सौम्य साधनाने भागत नव्हतं. मालक बहुधा तिसऱ्यावर अडखळतात.

बल्गेरियातल्या दुपनित्सा गावचं प्रकरण या दोन्ही प्रकारांच्या सीमेवरचं. तिथल्या रोमा या अल्पसंख्याक समाजाच्या वस्तीत वीज कंपनीने मीटर खांबांवर ६ ते ७ मीटर उंचीवर लावले, आणि इतरत्र १.७० मीटरवर. कारण सांगितलं वीजचोरीचं. तक्रार केली ती त्या वस्तीत दुकान असलेल्या बाईंनी, ज्या स्वतः रोमा नव्हत्या. २०१५ साली न्यायालय म्हणालं, वस्तीमुळे त्यांनाही तोच फटका बसतो, म्हणून त्यांनाही तक्रार करता येते. चोरीचा एकेकट्याचा पुरावा न देता पूर्ण वस्तीला सरसकट चोर धरणं हेही न्यायालयाला खटकलं. रोजचा वापर आपल्याच मीटरवर वाचता येऊ नये, ही गैरसोय वाटते तितकी किरकोळ नाही.

अपंगत्वाच्या बाबतीत एक जादा कर्तव्य असतं: वाजवी सोय करून देणं. कामाचे तास कमी करणं, उपकरण देणं, जागा बदलणं, सगळं यात येतं, फक्त मालकावर प्रमाणाबाहेर बोजा पडता कामा नये. २०२२ च्या निकालात बेल्जियन रेल्वेतल्या पेसमेकर बसलेल्या प्रशिक्षणार्थीला काढून टाकण्याआधी जमेल अशा दुसऱ्या रिकाम्या जागेचा विचार करायला हवा होता, असं ठरलं. २०२५ मध्ये न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकलं: अपंग मुलाची काळजी घेणाऱ्या पालकालाही कामाच्या वेळांत अशी सोय मागता येते. इथे गडबड होते ती मागणी तोंडी राहिल्यामुळे. 'मला त्रास होतोय' हे वरिष्ठाला कॅन्टीनमध्ये सांगणं आणि 'या कारणासाठी ही सोय हवी आहे' असं मनुष्यबळ विभागाला मेल करणं, यांत खटल्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पुराव्याचा भार कसा सरकतो

हा या सगळ्या कायद्याचा कणा. एरवी दिवाणी दाव्यात जो आरोप करतो त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. भेदभावाच्या दाव्यात दोन टप्पे असतात. पहिल्यात तक्रारदाराने अशी तथ्यं मांडायची की ज्यांवरून भेदभाव झाला असावा असं गृहीत धरता येईल. ती मांडली की दुसऱ्या टप्प्यात भेदभाव झाला नाही हे सिद्ध करणं मालकावर येतं. फौजदारी खटल्याला हा नियम लागत नाही. म्हणून वांशिक शिवीगाळीची पोलिसांत तक्रार आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा समजाव्यात.

पहिल्या टप्प्यावर बहुतेक दावे मरतात. 'मी पात्र होतो, मी परदेशी दिसतो, मला घेतलं नाही' एवढ्यावर भार सरकत नाही. यात आणखी काहीतरी लागतं: जाहिरातीतला आक्षेपार्ह शब्द, मुलाखतीतला प्रश्न ('मूल कधी करणार?', 'इथे कायम राहणार का?'), तुमच्यापेक्षा कमी पात्रतेच्या माणसाची निवड, नकारानंतरही तीच जाहिरात चालू राहणं, किंवा कंपनीने स्वतःचीच पद्धत मोडणं. जर्मनीत सरकारी मालकाने गंभीर अपंगत्व असलेल्या अर्जदाराला, तो उघडच अपात्र नसेल तर, मुलाखतीला बोलवावंच लागतं. नाही बोलावलं, तर तेवढ्यावरही भार सरकू शकतो.

आकडेवारीही चालते. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावामध्ये रोमा मुलांना मतिमंद मुलांच्या विशेष शाळांत घातलं जात होतं. २००७ साली स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने शाळांतल्या रोमा मुलांचं प्रमाण हाच गृहीतकाचा पाया मानला. हे न्यायालय युरोपीय संघाचं नाही, युरोप परिषद या वेगळ्या संघटनेचं आहे. तिथे जायचं तर देशातली सगळी न्यायालयं संपवून चार महिन्यांच्या आत जावं लागतं.

कंपनी उत्तरच देत नसेल तर? २०१२ च्या मायस्टर प्रकरणात रशियात जन्मलेल्या एका इंजिनिअर बाईंनी दोनदा अर्ज केला, दोनदा मुलाखतीशिवाय नकार आला, आणि कोणाला घेतलं हे कंपनीने सांगितलंच नाही. लक्झेंबर्गचं न्यायालय म्हणालं, ती माहिती मिळण्याचा हक्क भेदभावविरोधी डायरेक्टिव्हमध्ये नाही. पण माहिती द्यायला साफ नकार देणं हा इतर गोष्टींसोबत धरायचा एक घटक आहे. म्हणून प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर आलं तर माहिती मिळते, नाही आलं तर मौनाची नोंद होते.

याहून धारदार हत्यार दुसऱ्याच कायद्यात आहे: जीडीपीआर या युरोपीय संघाच्या विदासंरक्षण (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या) कायद्याचं कलम १५. तुमच्याबद्दल कंपनीकडे असलेली वैयक्तिक माहिती तुम्ही फुकट मागू शकता आणि कंपनीने एका महिन्यात द्यायची असते. गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने वाढवून घेता येतात. परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर लिहिलेले शेरे हीसुद्धा परीक्षार्थीची वैयक्तिक माहिती आहे, असं २०१७ साली न्यायालयाने ठरवलं. त्या आधारावर मुलाखत घेणाऱ्यांची टिपणं, गुण आणि तुमच्याबद्दलचे अंतर्गत मेल मागता येतात. इतर उमेदवारांची माहिती मिळणार नाही. एक सापळा मात्र सांभाळा: या उत्तराची वाट बघत दोन महिने जाऊ देऊ नका.

घराच्या बाबतीत चाचणी हा सगळ्यात उपयोगी पुरावा. सारखाच पगार, सारखंच कुटुंब, सारख्याच मजकुराचे दोन अर्ज. बदलायचं फक्त नाव. आधी खऱ्या नावाने अर्ज, 'घर गेलं' असा नकार आला की काही तासांत दुसऱ्या नावाने. त्याला घर बघायला बोलावणं आलं तर दोन्ही उत्तरं वेळेसकट जपायची. चूक इथे होते: दुसऱ्या अर्जात पगारही वाढवून लिहिला जातो, किंवा मधे आठवडा जातो, आणि मग घरमालकाला 'परिस्थिती बदलली होती' म्हणायला जागा मिळते. शक्य असेल तर आणखी एकदा, उलट क्रमाने करावं. फ्रान्सच्या फौजदारी कायद्यात अशा चाचणीला स्पष्ट मान्यता आहे. जर्मनीतही न्यायालयांनी ती पुरावा म्हणून घेतली आहे. घरमालक किंवा त्याचे नातेवाईक त्याच आवारात राहत असतील तर जर्मन कायदा सूट देऊ शकतो, तेव्हा आधी तेवढं बघून घ्यावं.

आणि फोनवर गुपचूप रेकॉर्डिंग? जर्मनीत दुसऱ्याचं खासगी बोलणं न सांगता रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. पुरावा मिळवायला गेलेला माणूस स्वतःच आरोपी होतो. त्याऐवजी त्याच दिवशी स्मरणटिपण लिहावं: तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, नेमके शब्द मूळ भाषेत. आठवड्याने लिहिलेल्या टिपणाची किंमत निम्म्याहून कमी.

आठवडा-आठवडा

जर्मनीतली नोकरी धरून क्रम सांगतो. इतरत्र तारखा बदलतील, क्रम फारसा नाही.

पहिल्या तीन दिवसांत जाहिरात पत्त्यासह आणि तारखेसह पीडीएफ करून ठेवा. नकारानंतर जाहिराती गायब होतात किंवा शब्द बदलतात. पाठवलेला अर्ज, पोच, नकाराचा मेल आणि स्मरणटिपण एकाच फोल्डरमध्ये, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. नकार फोनवर आला असेल तर त्याच दिवशी मेलने लेखी मागा. मुदत त्या फोनपासूनच मोजली जाण्याचा धोका असतो.

पहिल्या आठवड्यात कलम १५ चा अर्ज पाठवा, आणि सल्ला देणाऱ्या संस्थेला गाठा. जर्मनीत बर्लिनची संघीय भेदभावविरोधी संस्था फुकट प्राथमिक सल्ला देते आणि समेटाचा प्रयत्न करते. तुमच्या वतीने दावा मात्र लावत नाही. त्यासाठी स्थानिक सल्लाकेंद्रं, कामगार संघटना, वकील.

सहाव्या आठवड्याच्या आत मागणीपत्र. त्यात तुम्ही कोण, कोणत्या जागेसाठी अर्ज, नकाराची तारीख, भेदभावाचा आधार, त्याकडे बोट दाखवणारी तथ्यं, आणि भरपाईची रक्कम. दोन आधार असतील, उदाहरणार्थ वांशिक मूळ आणि लिंग, तर दोन्ही लिहा. हिजाब घालणाऱ्या किंवा गरोदर असलेल्या स्थलांतरित बाईला नेमकं कशावरून डावललं हे तिला कळायचं काही कारण नसतं. पत्र पोचल्याचा पुरावा तुम्हाला द्यायचा आहे: पोस्टात टाकल्याची पावती म्हणजे पोच नव्हे. पोच झाल्याची नोंद मागवून घ्या, किंवा साक्षीदारासमोर हातात द्या आणि प्रतीवर सही घ्या.

मागणीपत्र पोचल्यापासून तीन महिन्यांत कामगार न्यायालयात दावा. पहिल्या पायरीवर तिथे जिंकलात तरी आपल्या वकिलाचा खर्च आपल्यालाच, हा नियम अनेकांना ऐन वेळी कळतो. म्हणूनच कायदेविषयक विमा किंवा संघटनेचं सदस्यत्व आधीपासून असलेलं बरं. घटना घडल्यानंतर घेतलेला विमा ती घटना झाकत नाही.

आयर्लंडमध्ये नोकरीची तक्रार सहा महिन्यांत वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे. सबळ कारण असेल तर बारा महिन्यांपर्यंत. शुल्क नाही, आणि हरल्यास समोरच्याचा खर्चही अंगावर येत नाही. दुकान, घर, शाळा असा सेवेचा मामला असेल तर तिथे एक जादा पायरी आहे आणि ती चुकते: घटनेपासून दोन महिन्यांत समोरच्याला लेखी सूचना द्यायची. त्यासाठी ईएस-१ हा छापील नमुना आहे. ती दिल्यावर त्याच्या उत्तराची एक महिना वाट पाहायची आणि मग कमिशनकडे जायचं.

नेदरलँड्समध्ये प्रत्येक नगरपालिकेला भेदभावविरोधी मदत केंद्राची सोय करावीच लागते, आणि मानवी हक्क मंडळ वकिलाशिवाय, फुकट मत देतं. ते मत न्यायालयासारखं बंधनकारक नसतं, पण पुढे न्यायाधीशाला ते बाजूला सारायचं तर कारण द्यावं लागतं. फ्रान्स सगळ्यात सैल: नोकरीतला भेदभाव उघड झाल्यापासून पाच वर्षं, आणि हक्करक्षक ही घटनात्मक संस्था स्वतः चौकशी करून कंपनीकडून कागद मागवते. कंपनी ज्या कागदांवर बसून राहते ते बाहेर काढायला यापेक्षा सोपा रस्ता नाही. या संस्था देशोदेशी फारच असमान ताकदीच्या आहेत. त्यासाठी २०२४ साली दोन नवे डायरेक्टिव्ह निघाले. १९ जून २०२६ पर्यंत देशांनी त्यांना स्वायत्तता, पुरेसा पैसा, चौकशीचे आणि न्यायालयात उतरण्याचे अधिकार द्यायचे आहेत.

किती मिळतं

थोडं. जर्मनीत भेदभाव नसता तरी नोकरी मिळाली नसतीच असं ठरलं, तर कमाल तीन महिन्यांचा पगार. ती मिळायलाच हवी होती असं असेल तर ही कमाल मर्यादा नाही, पण नोकरी द्याच असा आदेश कायदा देत नाही. आयर्लंडमध्ये कर्मचाऱ्याला दोन वर्षांचा पगार किंवा ४०,००० युरो यांपैकी मोठी रक्कम ही कमाल. नुसत्या उमेदवाराला १३,००० युरो. सेवेच्या मामल्यात १५,००० युरो.

शिक्षा परिणामकारक, प्रमाणशीर आणि धाक बसवणारी हवी, असं डायरेक्टिव्ह म्हणतं. हे तत्त्व आलं १९८४ च्या एका जर्मन खटल्यातून. पुरुषांच्या तुरुंगात समाजसेविका म्हणून अर्ज केलेल्या बाईला, बाई म्हणून नाकारल्याबद्दल, खालच्या न्यायालयाने देऊ केलेली भरपाई होती प्रवासखर्चाचे ७.२० मार्क. पैसे देऊन तोंड बंद करण्यालाही आता मर्यादा आहे. स्वीडनमध्ये चिली मूळ असलेल्या प्रवाशाची विमानात जादा सुरक्षा तपासणी झाली. विमान कंपनीने मागितलेली पूर्ण रक्कम देऊ केली, पण भेदभाव केला हे मान्य करायला नकार दिला. २०२१ साली न्यायालय म्हणालं: तक्रारदाराला हवं असेल तर भेदभाव झाला की नाही याचा निकाल मिळालाच पाहिजे, पैसे दिले म्हणून तो प्रश्न मिटत नाही.

तक्रार केल्याबद्दल सूड उगवणं हा स्वतंत्र गुन्हा नसला तरी स्वतंत्र दावा आहे, आणि बरेचदा मूळ दाव्यापेक्षा सिद्ध करायला सोपा. तक्रार मार्चमध्ये, वाईट शेरा एप्रिलमध्ये: तारखाच बोलतात. बाजूने उभा राहणाऱ्या सहकाऱ्यालाही हे संरक्षण आहे. बेल्जियममध्ये गरोदर उमेदवाराची बाजू घेणाऱ्या दुकान व्यवस्थापिकेला काढून टाकलं गेलं. तिने औपचारिक साक्ष दिली नव्हती तरी ती संरक्षित आहे, असं २०१९ साली ठरलं.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असाल तर

युरोपात टीम सांभाळणारे मराठी लोक आता कमी नाहीत, त्यांनाही हाच कायदा उलट बाजूने लागतो. भार सरकल्यावर मालकाला वाचवतो तो एकच कागद: अर्ज उघडण्याआधी ठरवलेले निकष आणि त्यांवर प्रत्येक उमेदवाराला दिलेले गुण. नंतर तयार केलेलं कारण फार टिकत नाही, विशेषतः नकाराच्या मेलमध्ये एक कारण आणि न्यायालयात दुसरं असेल तर. 'तरुण, उत्साही टीम' सारखे शब्द जाहिरातीतून काढा. मुलाखतीत प्रश्न सगळ्यांना सारखे ठेवा. ओळखीतून माणसं घ्यायची सवय असेल तर ती तपासा. सगळे एकाच शहरातले, एकाच भाषेचे निघाले तर बाहेरच्या उमेदवाराच्या वकिलाला आयतं गृहीतक मिळतं. जर्मनीत दोन अधिक तीन महिने धरून कागद साधारण सहा महिने ठेवतात आणि मग विदासंरक्षणासाठी नष्ट करतात.

पगाराबाबत नियम आणखी घट्ट होत आहेत. २०२३ च्या वेतन पारदर्शकता डायरेक्टिव्हनुसार देशांनी ७ जून २०२६ पर्यंत कायदा करायचा आहे: उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची कक्षा मुलाखतीआधी सांगायची, आणि आधीचा पगार विचारायचा नाही. कर्मचाऱ्याने मागितलं तर सारख्या मोलाच्या कामाचे स्त्री आणि पुरुष यांचे सरासरी पगार दोन महिन्यांत द्यायचे. १०० हून कमी कर्मचारी असलेल्यांवर तफावतीचा अहवाल देण्याचं बंधन हे डायरेक्टिव्ह घालत नाही. त्याहून मोठ्या मालकांकडे एखाद्या श्रेणीत ५ टक्के किंवा अधिक तफावत निघाली, तिचं निःपक्ष कारण देता आलं नाही आणि सहा महिन्यांत ती दूरही केली नाही, तर कामगार प्रतिनिधींबरोबर बसून संयुक्त तपासणी करावी लागते. आणि पारदर्शकतेची ही कर्तव्यंच पाळली नसतील तर पहिला टप्पा गाळून पुराव्याचा भार सरळ मालकावर जातो. चूक उघडच अनवधानाने झालेली आणि किरकोळ असेल तेवढाच अपवाद.